कोस्टा रिका: आईबाबा, सहा वर्षांची मुलगी आणि आम्ही दोघं. तयारीसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीत मुलीच्या शाळेला सुट्टी आहे, तेव्हा आठवडाभर कोस्टा रिकाला जायचं घाटतंय. आम्ही न्यू जर्सीत राहतो. आईबाबा सांगलीहून आलेत, एप्रिलमध्ये परत जातील. बर्फाचं कौतुक पहिल्या दोन दिवसांत संपलं, आता बाबा हीटरपाशी खुर्ची लावून बसतात. त्यांना ऊन आणि झाडं दिसतील अशी जागा हवी, फार उड्या मारायच्या नाहीत.

डोक्यात ढोबळ बेत असा: सान होसेला उतरायचं, गाडी भाड्याने घ्यायची, ला फोर्तुनाला आरेनाल ज्वालामुखीपाशी तीन मुक्काम, मग मोंतेव्हेर्दे, शेवटी मानुएल आंतोनियोचा समुद्र. एवढं जमेल की गाडीतच सगळी सुट्टी जाईल? बाबांच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. सपाटीवर चालतात, पायऱ्या नको म्हणतात.

आई पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. त्यात संकष्टी नेमकी त्याच आठवड्यात येतेय. सोबत काय नेता येतं? कस्टमवाले भाजणी, साबुदाणा काढून घेतात का?

आणखी किरकोळ: डॉलर चालतात का, पाणी पिण्याजोगं आहे का, कुठली लस लागते का, आईबाबांचा इथला व्हिजिटर इन्शुरन्स तिथे चालेल का.

कागदपत्रांचं फारसं काही नसावं. आईबाबांचा दहा वर्षांचा बी१/बी२ (पर्यटक) व्हिसा आहे, मुलगी अमेरिकन. आमच्या दोघांच्या पासपोर्टातला एच-१बी (नोकरीचा) आणि एच-४ (जोडीदाराचा) व्हिसाचा स्टॅम्प संपलाय, पण नवं आय-७९७ (मंजुरीचं पत्र) आणि आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची आणि मुदतीची नोंद) व्यवस्थित आहेत. मागे टोरांटोला असंच जाऊन आलो होतो.

तिकिटं या शनिवार-रविवारी काढायचा विचार आहे. आगाऊ आभार.

प्रतिसाद

बेत चांगला आहे, पण एक ठिकाण कमी करा. नकाशावर देश चिमुकला दिसतो, रस्ते मात्र डोंगरातले, एकपदरी, ट्रकच्या मागे मागे जायचे. सान होसे ते ला फोर्तुना तीन तास धरा. ला फोर्तुनाहून मोंतेव्हेर्दे सरळ रेषेत अगदी जवळ दिसतं, पण मध्ये आरेनालचा तलाव पसरलाय. त्याला वळसा घालून जायला साडेतीन-चार तास लागतात. गाडी-होडी-गाडी अशी सोय मिळते, ती घेतलीत तर भाड्याची गाडी त्या टप्प्यात निरुपयोगी. मी असतो तर मोंतेव्हेर्दे गाळलं असतं. आईबाबांना उबेला नेताय आणि ते उंचावरचं, ढगातलं, गार गाव आहे. तिथे स्वेटर लागतो.

गाडीचं भाडं ऑनलाइन बघाल तेव्हा फारच स्वस्त वाटेल. भुलू नका. थर्ड पार्टी विमा तिथे कायद्याने सक्तीचा आहे आणि अमेरिकन क्रेडिट कार्डाच्या विम्यात तो येत नाही. काउंटरवर बिल फुगतं ते त्यामुळे. आधी ईमेल करून सगळं धरून किती ते लिहून घ्या, आणि डिपॉझिट चालकाच्याच नावाच्या क्रेडिट कार्डावर अडकवतात हे लक्षात असू द्या.

अंधार पडल्यावर चालवू नका. वर्षभर सहाच्या आसपास सूर्य मावळतो, मग रस्त्यावर दिवे नाहीत, कडेने माणसं चालत असतात. सगळे वेझ हे रस्ता दाखवणारं अ‍ॅप वापरतात, कारण पत्ते 'चर्चपासून २०० मीटर उत्तरेला' असे असतात, आपल्याकडे मारुतीच्या देवळामागे म्हणतात तसे. मानुएल आंतोनियोच्या वाटेवर तार्कोलेस नदीचा पूल लागतो, खाली मगरी पहुडलेल्या असतात. मुलगी खूश होईल. तिथे उतरताना गाडीत बॅग दिसेल अशी ठेवू नका, काच फोडून नेतात.

मानुएल आंतोनियोचं उद्यान मंगळवारी बंद असतं, तिकीट फक्त ऑनलाइन. बेत आखताना मंगळवार आधी बघा.

प्रतिसाद

गुडघ्यापुरतं लिहिते, माझ्या सासूबाईंना घेऊन गेलो होतो. ला फोर्तुनाच्या धबधब्याला पाचशेच्या वर पायऱ्या आहेत, उतरताना मजा आणि चढताना रडू. बाबांना वरच्या सज्जातून दाखवा. त्यापेक्षा झुलत्या पुलांची वाट करा, साधारण तीन किलोमीटर, बहुतेक बांधीव, थोडा चढउतार आहे पण बाकं आहेत. सकाळी लवकर गाइड घेऊन जा. त्याच्याकडे दुर्बीण असते, नाहीतर स्लॉथ (झाडाला लटकून राहणारा संथ प्राणी) डोक्यावर असून दिसत नाही. संध्याकाळी गरम पाण्याचे झरे. सासूबाई तिथून निघायलाच तयार नव्हत्या.

आरेनालमधून लाव्हा दिसेल असं कोणी सांगितलं तर ते जुनं आहे. १९६८ साली उद्रेक झाला, त्यानंतर २०१० पर्यंत तो धुमसत होता, आता शांत आहे. ढग नसतील तर त्रिकोणी डोंगर मात्र देखणा दिसतो.

जेवण: गावोगावी 'सोदा' नावाच्या छोट्या खानावळी असतात. तिथे 'कासादो' मागा, म्हणजे भात, काळा घेवडा, कोशिंबीर, तळलेलं पिकलेलं केळं. नुसतं 'सिन कार्ने' (मांस नको) म्हणून थांबू नका, कोंबडी आणि हॅम त्यांना त्यात मोडत नाही असं वाटतं. 'सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन हामोन' (कोंबडी नको, मासे नको, हॅम नको) असं एकेक सांगायचं. घेवडा डुकराच्या चरबीत परतलेला नाही ना, तेही विचारा, शब्द 'मान्तेका'. नाश्त्याचा 'गायो पिंतो' म्हणजे भात-घेवडा परतून, आईंना आवडेल. स्वयंपाकघर असलेली जागा घेतलीत तर संकष्टीचा प्रश्न मिटेल. भाजणी, साबुदाणा, मेतकूट बंद पाकिटात आणि लेबल असलेलं न्या. फळं, ताजी भाजी, दूधदुभतं, लोणी-तूप नको.

बिलात १३ टक्के कर आणि १० टक्के सेवाशुल्क आधीच धरलेलं असतं, वर टीप द्यायलाच हवी असं नाही. डॉलर चालतात, सुट्ट्या नोटा ठेवा, परत मिळतात ते कोलोन, म्हणजे तिथलं चलन. नळाचं पाणी बहुतेक ठिकाणी पितात. प्लग अमेरिकेचेच.

प्रतिसाद

थांबा. तिकिटं काढू नका.

वरच्या दोघांनी छान लिहिलंय, पण मूळ लेखातला शेवटून दुसरा परिच्छेद कोणी वाचलेला दिसत नाही. टोरांटोला जाऊन संपलेल्या स्टॅम्पवर परत आलात ते 'ऑटोमॅटिक व्हिसा रिव्हॅलिडेशन' मुळे. ती सवलत एच वाल्यांना फक्त कॅनडा आणि मेक्सिकोसाठी आहे, तीही ३० दिवसांच्या आत परत आलात तर. शेजारच्या काही बेटांचं नाव ऐकाल, पण ते एफ (विद्यार्थी) आणि जे (एक्सचेंज) व्हिसावाल्यांना. कोस्टा रिका यात कुठेच बसत नाही. तिथे गेलात की परतीच्या विमानात बसायला चालू स्टॅम्प लागेल, आणि आय-७९७ हा व्हिसा नव्हे.

मुळात तिथे पोचणंही अवघड. भारतीय पासपोर्टला कोस्टा रिकाचा व्हिसा लागतो. अमेरिकेचा चालू व्हिसा पासपोर्टात असेल तर सूट आहे. तुमच्या दोघांकडे तो नाही, म्हणजे त्यांच्या वाणिज्य दूतावासातून व्हिसा काढावा लागेल. एअरलाइनचा माणूस नेवार्क विमानतळावरच पासपोर्ट उलटून बघतो.

आईबाबांची अडचण नाही, पण त्यांच्या व्हिसाच्या उरलेल्या मुदतीचा नियम दूतावासाला ईमेल करून लेखी घ्या, हे नियम बदलत असतात. पासपोर्ट सहा महिने चालू हवा आणि परतीचं तिकीट छापून ठेवा. ते अमेरिकेत परत येतील तेव्हा नवी एन्ट्री धरली जाईल, किती दिवस द्यायचे ते अधिकारी ठरवणार. एप्रिलचं सांगलीला जायचं तिकीट जवळ असलं तर बोलणं सोपं जातं.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाला शंभर टक्के अनुमोदन.

लसीबद्दल, मी डॉक्टर आहे म्हणून. अमेरिकेतून थेट गेलात तर सक्तीची कुठलीच लस नाही. डासांचं मलम मात्र घ्या, डेंग्यू आहे. घोळ होतो तो पनामामार्गे स्वस्त तिकीट घेतल्यावर. भारताच्या पिवळ्या तापाच्या यादीत पनामा आहे. तिथून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्याकडे लसीचं कार्ड मागतात, नसेल तर विलगीकरण. आईबाबा एप्रिलमध्ये जाणार म्हणून त्यांना लागू नाही, पण धागा वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो. साठीच्या पुढे ही लस पहिल्यांदा घ्यायची तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नये, त्या वयात गंभीर दुष्परिणामांचं प्रमाण वाढतं. केवळ तिकीट स्वस्त पडतं म्हणून तर नाहीच.

व्हिजिटर इन्शुरन्स बहुतेक अमेरिकेपुरता असतो. काहींत थोड्या दिवसांच्या बाहेरच्या सहलीची तरतूद असते, पॉलिसीत तेवढाच भाग शोधून वाचा.

धागाकर्ती

बापरे. सगळ्यांचे मनापासून आभार. नवऱ्याला तिसरा प्रतिसाद वाचून दाखवला, तो लगेच वकिलाला मेल करायला बसला.

आता दोन प्रश्न. फेब्रुवारीत आईबाबांना घेऊन दुसरीकडे कुठे? आणि आम्ही जूनमध्ये भारतात स्टॅम्पिंग करून आलो तर जुलैअखेर मुलीला घेऊन कोस्टा रिकाला जाणं शहाणपणाचं की नुसता पाऊस?

प्रतिसाद

फेब्रुवारीसाठी पोर्टो रिको. अमेरिकेचाच प्रदेश, म्हणजे तुम्ही देश सोडतच नाही, स्टॅम्पचा प्रश्न येत नाही. पासपोर्ट आणि आय-७९७ जवळ ठेवा. नेवार्कहून थेट विमानं आहेत. एल युंकेचं वर्षावन गाडीतून बरंचसं बघून होतं, जुन्या सान हुआनचे किल्ले बाबांना आवडतील, दगडी रस्ते मात्र सांभाळून.

जुलै: पॅसिफिकच्या बाजूला तो पावसाळाच, पण साधारण सकाळी ऊन आणि दुपारनंतर सरी, आणि जुलैत मध्येच थोडी उघडीप मिळते. गर्दी कमी, दर कमी. शिवाय जुलै ते ऑक्टोबर तोर्तुगेरोला हिरव्या कासवांचा अंडी घालायचा हंगाम. वेळासला ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्रात सोडताना पाहिली असतील, इथे रात्री मोठी मादी वर येते. तोर्तुगेरोला रस्ता नाही. ला पावोनाच्या धक्क्यावर गाडी ठेवून बोटीने जायचं, किंवा छोटं विमान. तो कॅरिबियन किनारा, पाऊस केव्हाही येतो, रेनकोट घ्या. रात्रीची फेरी परवानाधारक गाइडबरोबरच करता येते, आधी बुक करा. मुलीला गडद रंगाचे कपडे घाला, मोबाईल आणि कॅमेरा हॉटेलात ठेवून जा, किनाऱ्यावर चालत नाहीत.