डोस वाढवण्याआधी पाणी बघा

ग्लायफोसेट या तणनाशकाचा दुप्पट डोस देऊनही तासगाव रस्त्याकडेची तणाची वेल पुन्हा फुटते, अशी एकाची तक्रार आहे. दोष बहुधा पाण्याचा. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम ग्लायफोसेटला बांधून ठेवतं. कालव्याचं गढूळ पाणी तर त्याहून वाईट, कारण औषध मातीलाच चिकटतं. त्या कॅल्शियमला अडवायला 15 लिटरच्या पंपात आधी 300 ग्रॅम अमोनियम सल्फेट (खत) पूर्ण विरघळवा, मगच 41 टक्केवालं ग्लायफोसेट 150 मिली. क्रम उलटा नको. पानांवर धुरळा असेल तर थांबा. सरीनं पानं धुतली, सुकली आणि पुढचे सहा तास उघडीप असली की मारा. नंतर दोन आठवडे वेल कापू नका, औषध मुळापर्यंत जाऊ द्या.

टू-फोर-डी हे दुसरं तणनाशक मात्र द्राक्षबागेजवळ अजिबात नको! आणि 2022 च्या केंद्राच्या अधिसूचनेनं ग्लायफोसेट पेस्ट कंट्रोल ऑपरेटरकडूनच (परवानाधारक फवारणीवाल्याकडूनच) मारून घ्यायचं बंधन घातलं होतं.