मदत हवी आहे: गोचीड ताप एचएफला लोळवतो, शेजारच्या खिलारला का नाही?

नमस्कार मंडळी,

आटपाडीकडे आमचा गोठा आहे. संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाई, मुऱ्हा म्हशी आणि वडिलांची एक खिलार. पावसाळ्यात पहिलारू एचएफ अचानक बसली. १०६ ताप, खांद्यापुढची गाठ टम्म सुजलेली, रवंथ बंद. डॉक्टरांनी गाठीत सुई घालून पाणी काढलं, काचपट्टीवर तपासलं आणि थायलेरिया, म्हणजे गोचीड तापाचा परजीवी, निघाला. बुपार्व्हाक्वोन हे औषध वेळेत मिळालं म्हणून वाचली, पण दूध अजून निम्म्यावर आहे. तसलेच गोचीड खिलारच्या कासेलाही होते. ती मात्र वैरण खात उभी!

तेव्हापासून मिळेल ते वाचतोय. हायलोमा गोचिडाच्या लाळेतून थायलेरिया अॅन्युलाटा अंगात शिरतो. तांबड्या पेशींत तो नंतर जातो. आधी पांढऱ्या पेशी धरतो, मुख्यतः मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या) आणि बी पेशी (प्रतिपिंडं बनवणाऱ्या). म्हणजे जंतूंशी लढणं ज्यांचं काम, त्यांच्यातच घर करतो. मग त्या पेशी कर्करोगासारख्या बेसुमार वाढतात आणि पेशी दुभंगली की परजीवीही दोन्हीकडे वाटला जातो. औषधाने तो मेला की वाढ थांबते. पूर्व आफ्रिकेतला थायलेरिया पार्व्हा जास्त करून टी पेशींत (आणखी एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींत) वाढतो. तिथे गाई मरतात, रानम्हशी मात्र आजारी न पडता तो बाळगून असतात. शेळ्यामेंढ्यांचा थायलेरिया लेस्टोकार्डी आणखी वेगळा.

साहीवाल (देशी जात) आणि होल्स्टीनला एकाच परजीवीची लागण करून पाहिलेली आहे. साहीवालला ताप कमी आला आणि त्या औषधाविना सावरल्या. मला अडलंय ते इथेच. देशी गाईच्या मॅक्रोफेजमध्ये परजीवी वाढतच नाही, की वाढतो पण त्या पेशी दाह भडकवणारी रसायनं कमी सोडतात? एचएफचा जीव परजीवीपेक्षा त्या दाहानेच जातो का? आणि म्हशी सहसा निभावतात, त्यामागे हेच कारण आहे का?

हे नुसतं कुतूहल नाही. ही गाय पुन्हा माजावर येईल तेव्हा साहीवालचं रेतन करावं असं मनात आहे. अर्धं देशी रक्त आलं तर ही ताकद वासरात उतरते का? आणि तिच्या आत्ताच्या कालवडीला लस द्यायची आहे. ती लस अशाच बाधित पेशी प्रयोगशाळेत वाढवून, परजीवी दुबळा करून बनवतात. तर कालवडीला कितव्या महिन्यात द्यावी? पशुवैद्यक किंवा ज्यांनी गोठ्यात हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.