लॉ प्रवेशाच्या वेळी तुमचं काय ठरत नव्हतं? अनुभव लिहा

मी साताऱ्यात जिल्हा न्यायालयात वकिली करते. दर वर्षी लॉ सीईटीचे, म्हणजे राज्याच्या कायदा प्रवेश परीक्षेचे, अर्ज सुरू झाले की फोन यायला लागतात. बारावीतली मुलं, त्यांचे आईवडील, निवृत्तीच्या जवळ आलेले कोणी काका, मुलं मोठी झालेली एखादी आई. प्रश्न बहुतेक तेच असतात: पाच वर्षांचा कोर्स की तीन वर्षांचा, वय जास्त होतंय का, इंग्रजी कच्चं असलं तर कसं, नोकरी सांभाळून जमेल का, पुढे पोट भरेल का. मी माझ्या परीने सांगते. पण याच वाटेने गेलेल्या आठदहा जणांनी सांगितलेलं जास्त उपयोगी पडतं, म्हणून हा धागा.

कशाची खात्री नव्हती, ते कशावरून ठरवलंत आणि पुढे काय झालं, हे लिहा. नुसतं ‘मेहनत करा’ नको. नियम, कागद, खर्च, वेळापत्रक यांवर लिहा. कॉलेजबद्दल तक्रार असेल तर नाव टाळा.

दोन गोष्टी आधीच सांगून टाकते, कारण निम्मे लोक तिथेच थांबतात. वयाची अट नाही. बार कौन्सिलने (वकिली आणि कायदेशिक्षणाचे नियम करणारी संस्था) २०१६ मध्ये पाच वर्षांसाठी २० आणि तीन वर्षांसाठी ३० अशी मर्यादा पुन्हा आणली होती, पण मार्च २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. गुणांची अट मात्र आहे: खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, इतर मागास प्रवर्गाला ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०. पाच वर्षांसाठी बारावीचे गुण धरतात, तीन वर्षांसाठी पदवीचे. शाखा कोणतीही चालते.

लातूर. सध्या पुण्यात, पाच वर्षांचा कोर्स, तिसरं वर्ष

आमच्याकडे बारावी सायन्स म्हणजे नीट, हे घरात गृहीतच असतं. मला कायदा शिकायचा होता. बाबा म्हणाले, आधी पदवी घे, मग वाटलं तर तीन वर्षांचं एलएलबी आहेच. त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. मधेच मन बदललं तर हातात एक पदवी असते. माझं म्हणणं, पदवी आणि एलएलबी मिळून सहा वर्षं जातात, इथे पाचांत होतं.

या वादातून बाहेर काढलं ते आत्याने. तिच्या ओळखीच्या वकीलबाईंबरोबर सुट्टीत मी लातूरच्या कोर्टात जाऊन बसू लागले. न्यायालय खुलं असतं, मागच्या बाकावर बसून कामकाज ऐकता येतं, हेच मला माहीत नव्हतं. बहुतेक वेळ तारखा पडण्यातच जायचा. एका बाईंची पोटगीची केस होती, त्या दर तारखेला गावाहून एसटीने यायच्या, आणि समोरचा वकील मुदत मागायचा. मला त्यांच्या पुढच्या तारखेला काय होणार याची काळजी लागून राहायची. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी पदवीचा विषय सोडला.

पाच वर्षांच्या कोर्सला येणाऱ्यांनी एक लक्षात घ्या. सुरुवातीच्या सत्रांत राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र असे विषय बरेच असतात, कायदा हळूहळू वाढतो. ‘लॉला आलो आणि लॉ कुठे आहे’ असं वाटून काही जण खचतात. आणि सतराव्या वर्षी खात्री वाटत नसेल तर खुशाल पदवी घ्या. आमच्या कॉलेजात तीन वर्षांच्या वर्गात इंजिनिअर आहेत, एक नर्सताई आहेत. वैद्यकीय निष्काळजीपणाच्या खटल्यावर त्या बोलल्या तेव्हा शिक्षकही ऐकत राहिले.

पुणे. वय ४३, तीन वर्षांचा कोर्स, दुसरं वर्ष

मी आमच्या गृहनिर्माण संस्थेची सचिव आहे. बिल्डरने इमारतीखालची जमीन संस्थेच्या नावे करून दिली नव्हती, म्हणून मानीव अभिहस्तांतरणासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज केला. ते प्रकरण चालवताना १९६३ चा मोफा हा फ्लॅटमालकीचा कायदा इतक्यांदा वाचला की आमचे वकील म्हणाले, ताई, तुम्ही एलएलबी का करत नाही? बोलता बोलता म्हणाले असतील, पण ते माझ्या डोक्यातून गेलं नाही.

वयाची अट नाही हे कळलं तरी भीती होतीच. इतक्या वर्षांनी परीक्षेला बसणं, लेकाच्या वयाच्या मुलांशेजारी. सासूबाईंना वाटलं, आता कशाला हे? मी त्यांना म्हटलं, सकाळचं कॉलेज आहे, दुपारी घरीच असते. त्यांचा विरोध मावळला तो मी शेजारच्या काकूंचं वारसनोंदीचं काम समजावून दिलं तेव्हा.

सीईटीबद्दल: पूर्वी १५० प्रश्न असायचे, २०२५ पासून १२० आहेत, वेळ दोन तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडू नका. तीन वर्षांची परीक्षा अनेक सत्रांत होते, म्हणून निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत, तुमच्या खाली किंवा बरोबरीला किती परीक्षार्थी आहेत ते. हा फरक न कळल्याने आमच्या ग्रुपमधल्या दोघी उगाच रडल्या होत्या.

वर्गातली मुलं मला ताईच म्हणतात. नोट्सची देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी चालते.

नाशिक

माझी पदवी मुक्त विद्यापीठाची. कोणी म्हणे चालते, कोणी म्हणे नाही. नक्की काय?

धागाकर्ती

दोघंही अर्धं बरोबर सांगतात. बार कौन्सिलचे २००८ चे कायदेशिक्षण नियम बघा. दहावी, बारावी रीतसर करून पदवी दूरशिक्षणाने घेतली असेल तर पात्र. बारावी न करता मुक्त विद्यापीठात थेट पदवीला प्रवेश घेतला असेल तर पात्र नाही. तुमची बारावी झाली आहे का?

नाशिक

झाली आहे. आभारी आहे ताई. एवढ्यासाठी दोन वर्षं अर्ज भरला नव्हता.

परभणी. मराठी माध्यम, तीन वर्षांचा कोर्स, शेवटचं वर्ष

शाळा जिल्हा परिषदेची, पदवी बीए मराठी. इंग्रजीच्या भीतीने मी अर्जाची शेवटची तारीख जवळ येईपर्यंत घरी कोणाला सांगितलंच नव्हतं.

जे कळलं ते लिहितो. राज्याच्या सीईटीचा पेपर इंग्रजी आणि मराठी दोन्हींत असतो, पण इंग्रजी भाषेचा विभाग टळत नाही, तीन वर्षांच्या परीक्षेत त्याला १२० पैकी ४० गुण आहेत. मी रोज एक इंग्रजी अग्रलेख वाचून त्याचा सारांश मराठीत लिहायचो. एलएलबीचे पेपर मराठीत लिहायची मुभा राज्यातल्या काही विद्यापीठांत आहे, पण आपल्या विद्यापीठाला आधी विचारा. मी पहिल्या वर्षी मराठीत लिहिले, आता इंग्रजीत लिहितो. सुरुवातीला मराठीत लिहिल्यामुळे कायदा मला आधी समजला आणि भाषा मागून आली.

कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी असल्याची अधिसूचना २१ जुलै १९९८ ची आहे. उच्च न्यायालयाचं कामकाज मात्र इंग्रजीत चालतं. त्यामुळे इंग्रजी लागतंच, पण मराठीशिवायही चालत नाही. फिर्याद, पंचनामा, सातबारा, फेरफार, साक्षीदाराचा जबाब, सगळं मराठीत. इंग्रजी शाळेतून आलेले माझे मित्र इंटर्नशिपचे फेरफार उतारे माझ्याकडून वाचून घेतात. मी त्यांच्याकडून निकालपत्रं कशी वाचायची ते शिकलो. आपली भाषा घेऊन या, तिला कोर्टात काम आहे.

ठाणे. खासगी नोकरी, तीन वर्षांचा कोर्स, पहिलं वर्ष

नोकरी सोडणं शक्य नव्हतं, घराचे हप्ते आहेत. ‘नुसती परीक्षा द्यायची’ असं सांगणारे भरपूर भेटले. बार कौन्सिलच्या नियमांत ७० टक्के हजेरी आहे, विद्यापीठाचा नियम याहून कडक असू शकतो, आणि वर्ग सकाळी ८ ते संध्याकाळी ७ या वेळेतच भरवता येतात. म्हणजे रात्रीचं लॉ कॉलेज हा प्रकार नाही. एका कॉलेजच्या कार्यालयात मला म्हणाले, हजेरीचं बघून घेऊ. लेखी द्या म्हटल्यावर बोलणंच बंद. ते कॉलेज मी पसंतीक्रमातून काढलं. साडेदहापर्यंत तास संपणारं कॉलेज घेतलं आणि ऑफिसमध्ये दुपारची पाळी मागून घेतली. पगार थोडा कमी झाला.

एलएलबी नोकरीत असताना करता येतं, पण पूर्णवेळ पगारी नोकरी आणि वकिली एकत्र करता येत नाही. बँकेतल्या विधी अधिकारी पदाच्या जाहिराती बघणाऱ्यांनी सनदेची, म्हणजे वकिलीच्या परवान्याची, अट आहे का ते नीट वाचावं.

सोलापूर. सेतू केंद्रात काम करतो

मुलं अभ्यास करतात आणि कागदांत अडकतात. राखीव जागेसाठी जात प्रमाणपत्राबरोबर जात वैधता लागते, आणि पडताळणी समितीकडे वेळ लागतो, म्हणून सीईटीचा अर्ज भरायच्याही आधी तिकडे अर्ज करा. नॉन क्रीमी लेअरची मुदत ३१ मार्चला संपते, जुनं चालत नाही. अधिवास प्रमाणपत्र वेगळं, शाळा सोडल्याचा दाखला वेगळा. शिक्षणात खंड असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. सगळ्यांवर नावाचं स्पेलिंग एकच असू द्या.

नागपूर. मुलीचा बाबा

लेकीने क्लॅटही दिली (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) आणि राज्याची सीईटीही. क्लॅट डिसेंबरमध्ये होते, पेपर पूर्ण इंग्रजी, मोठमोठे उतारे, १२० प्रश्न आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. राज्याच्या २०१४ च्या कायद्याने मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे राष्ट्रीय विधी विद्यापीठं झाली, तिथे महाराष्ट्राच्या मुलांसाठी जागाही आहेत. पण वर्षाचा खर्च लाखांत जातो. आम्ही घरात कागदावर पाच वर्षांचा हिशेब मांडला. कर्ज काढता आलं असतं, पण लेकीला फौजदारी वकिली करायची आहे, आणि सुरुवातीच्या वर्षांत कर्जाचा हप्ता तिच्या मानेवर बसला असता. तिला क्लॅटमधून हवी ती जागा मिळाली नाही, तेव्हा दुसऱ्यांदा तयारी न करता तिने सीईटीतून नागपुरातच प्रवेश घेतला. आठ लाखांपेक्षा कमी उत्पन्नाच्या घरातल्या ईडब्ल्यूएस, ओबीसी, एसईबीसी मुलींना कॅपमधून (राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) प्रवेश घेतल्यास शिक्षण शुल्क माफ, असा जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. आमच्यासारख्या घराला त्याचा फार आधार झाला.

पसंतीक्रमाबद्दल एवढंच: पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं की ते गोठतं, पुढची फेरी नाही. म्हणून ‘हे मिळणार नाही, तरी टाकून ठेवू’ किंवा ‘हे नक्की मिळेल म्हणून वर’ असलं काही करू नका. जिथे खरोखर जायचंय तेच वर.

म्हापसा, गोवा

पुण्याला जावं की गोव्यातच शिकावं, हा माझा प्रश्न होता. पुण्यातल्या शंभर वर्षं जुन्या आयएलएस लॉ कॉलेजचं आकर्षण होतं, मित्र तिकडेच निघाले होते. इकडे मिरामारला साळगावकर कॉलेज आणि मडगावला कारे कॉलेज. आमच्या शेजारचे वकीलबाब म्हणाले, वकिली कुठे करणार ते आधी ठरव. गोव्यात अजून १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेवर आधारलेला कौटुंबिक कायदा आहे, तो सगळ्या धर्मांना लागू. वारसाच्या वाटण्या इन्व्हेंटरी कार्यवाहीने (कोर्टात मालमत्तेची यादी करून) होतात, त्यासाठी २०१२ चा वेगळा गोवा कायदा आहे. इथल्या दिवाणी वकिलाचं रोजचं काम ते. मला इथेच राहायचं होतं, म्हणून मी इथेच शिकले. शिकत असतानाच म्हापशाच्या कोर्टात या कार्यवाह्या बसून बघता आल्या. मुंबईत कंपनी कायद्यात जायचं असतं तर मी नक्कीच वेगळं ठरवलं असतं.

कोल्हापूर. वकिलीचं तिसरं वर्ष

पैशांचं कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो, कारण घरचे खरं तर तेच विचारत असतात.

सनदेचं नोंदणी शुल्क पूर्वी काही राज्यांत दहा हजारांच्या कितीतरी पुढे जायचं. ३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कायद्यात आहे तेवढंच घ्या: खुल्या प्रवर्गाला ७५० रुपये. मग अखिल भारतीय बार परीक्षा, तिला कायद्याच्या मूळ संहिता जवळ ठेवता येतात. ही अडचण मोठी नाही.

मोठी अडचण म्हणजे पहिली दोन-तीन वर्षं. बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरना शहरात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावं अशी शिफारस केली, पण ती शिफारसच आहे. अनेक जण याच्या निम्म्यावर काम करतात. माझे सर पेट्रोलपुरते द्यायचे, पण तिसऱ्याच महिन्यात त्यांनी मला साक्षीदार तपासू दिला. घरी शेती आहे म्हणून मी टिकलो. ज्याच्या घरी दुसरं उत्पन्न नाही त्याने सुरुवातीच्या दोन वर्षांचा खर्च कुठून येणार ते प्रवेशाच्या वेळीच घरात बोलून घ्यावं. वकिलीला नाही म्हणण्यासाठी मी हे सांगत नाहीये. माझ्या बरोबरचे चांगले दोघं केवळ या हिशेबाअभावी बाहेर पडले, त्याचं मला फार वाईट वाटतं.

एक बदल चांगला झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या मुलांना आता उच्च न्यायालयातल्या कामासाठी मुंबईत खोली शोधायला नको.

सांगली. बारावी

ताई, मला न्यायाधीश व्हायचंय. पदवी झाली की लगेच परीक्षा देता येते ना? त्यावर पाच की तीन ते ठरवणार आहे.

धागाकर्ती

आता नाही देता येत. २० मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला तीन वर्षांची वकिली लागते. ती बार कौन्सिलकडच्या तात्पुरत्या नोंदणीपासून मोजतात, आणि न्यायाधीशांकडे लॉ क्लार्क म्हणून केलेलं कामही धरतात. म्हणजे बारावीनंतर पाच वर्षांचा कोर्स आणि तीन वर्षं वकिली, आठ. पदवीवरून गेलीस तर नऊ. तुझं नक्की असेल तर पाच वर्षांचा घे. आणि या सुट्टीत लातूरच्या ताईंसारखी सांगलीच्या कोर्टात जाऊन बस. तिथे माझ्या ओळखीच्या एक मॅडम आहेत, त्यांना विचारून तुला इथेच कळवते.