मदत हवी आहे: 'वितलाकोचे'मधल्या 'कोचे'चा अर्थ काय?

मक्याच्या कणसावर येणारी काणी (एक बुरशी) आपल्याकडे रोग. मेक्सिकोत तीच कोवळी असताना परतून केसादियात (दुमडलेल्या पोळीसारख्या पदार्थात) भरतात. नाव वितलाकोचे किंवा कुइतलाकोचे. शब्द नाहुआत्ल या मेक्सिकोतल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला. 'कुइतलात्ल' म्हणजे विष्ठा, हे आलोन्सो दे मोलिनाच्या १५७१ च्या नाहुआत्ल-स्पॅनिश कोशात स्पष्ट आहे (जेवताना वाचू नका). अडलंय पुढच्या भागावर. 'कोची' म्हणजे झोपणे, म्हणून सगळीकडे 'झोपलेली विष्ठा' असा अर्थ फिरतो, पण मला तो ओढूनताणून आणलेला वाटतो. त्यात मेक्सिकोत एका पक्ष्यालाही कुइतलाकोचेच म्हणतात! मला स्पॅनिश वाचता येतं, नाहुआत्ल नाही. पाककृती नकोत. या 'कोचे'ची व्याकरणाला धरून फोड कुणी केली आहे का? आणि पक्षी व काणी, दोघांना एकच नाव कसं?