मदत हवी आहे: शेताची जुनी वाट अडवली. मामलेदार कोर्ट की कलम १४३? (वाटेचा एक तुकडा झुडपी जंगलात)

वावर_वर्धा (१२ नोव्हेंबर)

नमस्कार मंडळी. वर्धा जिल्हा, ३.२० हेक्टर कोरडवाहू, कापूस-तूर-सोयाबीन. वावरात जायची जुनी बैलगाडीची वाट अशी आहे: गावच्या डांबरी रस्त्यापासून साधारण १२० मीटर शासनाच्या गटातून (सातबाऱ्यावर ‘झुडपी जंगल’), तिथून शेजाऱ्याच्या धुऱ्याने (बांधाने) अंदाजे २६० मीटर, मग आमचं वावर. शेजाऱ्याने ३० मे रोजी धुऱ्यावर जेसीबीने आडवी नाली खोदली आणि तारेचं कुंपण घातलं. जूनमध्ये तहसीलला साधा तक्रार अर्ज दिला, पोच आहे. मंडळ अधिकारी पाहून गेले, पुढे काही नाही. कापूस डोक्यावरून काढणं चालू आहे.

१) कोणत्या कलमाखाली जायचं? २) शेजारी म्हणतो पूर्वेकडून नाल्याच्या काठाने जा. तिथे पावसाळ्यात कंबरभर पाणी असतं. त्याचा हा मुद्दा टिकेल का? ३) झुडपी जंगलातल्या तुकड्याचं काय? ४) आदेश मिळाला तर मुरूम टाकता येईल का?

---

सरबांध

भाऊ, पहिल्यांदा कॅलेंडर बघा. वाट आधीपासून होती आणि ती अडवली, म्हणजे हा मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ चा दावा. त्याला मुदत आहे, अडथळा केल्यापासून सहा महिने. ३० मे धरला तर नोव्हेंबरअखेर संपते. जूनचा तक्रार अर्ज त्या मुदतीत धरला जाईल अशा भरवशावर राहू नका. कलम ५ खाली अर्ज नव्हे तर ‘दावा’ लागतो आणि त्यात काय असावं ते कलम ७ मध्ये ठरवून दिलं आहे: दोन्ही पक्षांची नावं, वय, व्यवसाय, राहण्याचं ठिकाण; अडथळ्याचं स्वरूप आणि तो नेमका कुठे आहे; कारण कोणत्या तारखेला घडलं; कोणत्या परिस्थितीत घडलं; कागदपत्रांची आणि साक्षीदारांची यादी. शेवटी सत्यापन, म्हणजे मजकूर खरा असल्याची सही. साध्या तक्रारीत यातलं निम्मं नसतं, म्हणून ती ‘चौकशी करून अहवाल द्यावा’ असा शेरा घेऊन फिरत राहते. जूनच्या अर्जाची पोच मात्र जोडा. अडथळ्याच्या तारखेचा तो चांगला पुरावा आहे.

मागणी दोन भागांत लिहा. एक, नाली बुजवून आणि कुंपण काढून वाट पूर्ववत खुली करावी. दोन, प्रतिवादीने पुन्हा अडथळा करू नये असा मनाई हुकूम द्यावा. दुसरा भाग सुटला तर आज बुजवलेली नाली पुढच्या हंगामात पुन्हा खोदली जाते आणि तुम्ही परत पहिल्या पायरीवर.

पर्यायी वाटेचा प्रश्न. कलम ५ मध्ये तहसीलदारांनी मुख्यतः एवढंच पाहायचं असतं की वाट वापरात होती का, प्रतिवादीने ती अडवली का आणि हे सहा महिन्यांच्या आतलं आहे का. दुसरीकडून जाता येतं हा बचाव तिथे फारसा चालत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ मध्ये तो पहिल्या रांगेतला मुद्दा असतो, कारण तिथे तुम्ही नवीन वाट मागत असता. म्हणूनच कलम नीट निवडा.

---

कापूसकोंड्या

एकाच अर्जावर ‘कलम १४३ व कलम ५ अन्वये’ असं लिहून टाका. तहसीलदार एकच आहेत, जे बसेल ते देतील. बरेच जण असंच करतात.

---

तालुका_कट्टा

बरेच जण करतात आणि त्यातले बरेच पुनरीक्षणात (वरच्या अधिकाऱ्याकडच्या फेरतपासणीत) पडतात. कृपया असं करू नका.

दोन्हीकडे खुर्ची तहसीलदारांचीच असली तरी कायदे दोन आहेत. कलम ५ म्हणतं वाट होती. कलम १४३ म्हणतं वाट नाही, सरबांधावरून (सर्व्हे नंबरच्या हद्दीच्या बांधावरून) द्या. एका अर्जात दोन्ही लिहिलं की प्रतिवादीचा वकील पहिल्याच तारखेला विचारतो: वाट होती की नव्हती? पुढचे मार्गही वेगळे आहेत. कलम ५ च्या आदेशावर अपील नाही, कलम २३ खाली फक्त पुनरीक्षण, ते व्यवहारात उपविभागीय अधिकाऱ्यांपुढे चालतं. कलम १४३ च्या आदेशावर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे ६० दिवसांत अपील, किंवा वर्षाच्या आत दिवाणी दावा. दिवाणी दावा केला की महसुली अपील-पुनरीक्षणाचा रस्ता बंद. मिसळलेल्या आदेशावर नेमकं कुठे जायचं हेच ठरत नाही आणि प्रकरण फेरचौकशीला परत येतं.

या प्रकरणात फक्त कलम ५. मुदत हुकली किंवा जुनी वहिवाट सिद्ध झाली नाही, तर नंतर स्वतंत्रपणे १४३. त्याला अशी मुदत नाही. पण १४३ मधली वाट सर्व्हे नंबरच्या हद्दीवरूनच मिळते, कोणाच्या वावराच्या मधून नाही, आणि लांबून का होईना दुसरी वाट असेल तर ‘ही जवळ पडते’ एवढ्यावर मिळत नाही.

प्रतिवादी कोण केले आहेत? शेजाऱ्याच्या सातबाऱ्यावर नावं किती?

---

वावर_वर्धा

चार नावं आहेत. भांडतो तो एकच. एक भाऊ पुण्याला असतो. एक वारला, त्याची वारस नोंद अजून झालेली नाही.

---

तालुका_कट्टा

चौघांनाही घ्या. वारलेल्याच्या जागी त्याचे वारस नावानिशी लिहा, फेरफार झालेला नसला तरी. पुण्याच्या पत्त्यावर नोंदणीकृत टपालाने नोटीस जाऊ द्या आणि पोच फाइलला लागली का ते स्वतः पाहा. ‘मला ऐकून घेतलं नाही’ हा पुनरीक्षणातला सगळ्यात सोपा मुद्दा असतो आणि तो नेमका न भांडणारा सहधारक उचलतो. स्थळपाहणीचंही तसंच: नोटीस न देता केलेला पंचनामा कितीही खरा असला तरी कच्चा.

वकील बंधनकारक नाही. दावा मात्र जाणकाराकडून वाचून घ्या.

---

गुंठामोजणी

पुराव्याचं सांगतो, कारण ‘साठ वर्षांची वहिवाट आहे’ असं सगळेच लिहितात आणि दाखवायला काही नसतं.

गाव नकाशा आधी काढा. तुटक एकेरी रेष म्हणजे पायमार्ग, रुंदी सव्वाआठ फूट. तुटक दुहेरी रेष म्हणजे गाडीमार्ग, साडेसोळा ते एकवीस फूट. तुमची वाट नकाशावर असेल तर अर्धं काम झालं. नसेल तरी दावा पडत नाही, वहिवाट इतर पुराव्यांवर सिद्ध करायची.

तुम्ही विदर्भातले म्हणून तुमच्याकडे एक जास्तीची सोय आहे, जी पश्चिम महाराष्ट्रातल्यांना नाही. संहितेच्या कलम १६१ खालचं निस्तार पत्रक (गावच्या सरकारी पडीक जमिनीच्या वापराची नोंद) आणि कलम १६५ खालचं वाजिब-उल-अर्ज. दुसऱ्यात गावातल्या वाटांच्या आणि पाण्याच्या रूढ हक्कांची नोंद असते. तहसीलच्या अभिलेख कक्षात नक्कल मागा, सोबत बंदोबस्ताची (जुन्या जमाबंदीची) मिसल म्हणजे फाइलही पाहा. हे कागद कोणी मागत नाही, त्यामुळे सापडायला वेळ लागतो. दावा त्यासाठी थांबवू नका, ‘नक्कल मिळताच दाखल करू’ असं यादीत लिहा.

बाकी: आजूबाजूच्या वावरांची जुनी खरेदीखतं (चतुःसीमेत ‘पश्चिमेस पांदण’ किंवा ‘गाडवाट’ असा उल्लेख बऱ्याचदा सापडतो), लगतच्या शेतकऱ्यांची प्रतिज्ञापत्रं, आणि उपग्रह नकाशावरच्या मागच्या वर्षांच्या प्रतिमा तारखेसह छापून. उन्हाळ्यातली प्रतिमा निवडा, पीक उभं असताना चाकोरी दिसत नाही.

एक सावधगिरी. नाली स्वतः बुजवू नका, कुंपणाला हात लावू नका. पंचनाम्याआधी अडथळाच गेला तर दाव्यात उरतं काय? वर नुकसानीची उलट तक्रार येते.

---

कापूसकोंड्या

हे सगळं करण्यापेक्षा सरळ दिवाणी कोर्टात सुविधाधिकाराचा (दुसऱ्याच्या जमिनीवरून जाण्याच्या हक्काचा) दावा का नको? वीस वर्षं उघड वापर असला की झालं.

---

सरबांध

हक्क कायमचा ठरवून घ्यायला दिवाणी कोर्टच, १८८२ च्या कायद्याचं कलम १५, वीस वर्षांचा शांततापूर्ण, उघड, अखंड वापर. पण त्यांना या हंगामात गाडी न्यायची आहे. कलम ५ चा निकाल दिवाणी न्यायालयावर बंधनकारक नसतो, तेव्हा तो दरवाजा नंतरही उघडा आहे. उलट क्रमाने गेलात तर सहा महिने कधीच उलटलेले असतील.

---

रानहळद

झुडपी जंगलाचं कोणीच बोललं नाही, म्हणून लिहिते.

तहसीलदारांचा कलम ५ चा आदेश शेजाऱ्याच्या धुऱ्यापुरता. १२० मीटरच्या तुकड्यावर तो नवा हक्क निर्माण करत नाही, आणि दाव्यात तसं मागूही नका. त्या गटाला सातबाऱ्यावर महसूल खात्याचं नाव दिसतं म्हणून लोक ती साधी सरकारी पडीक समजतात. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ च्या निकालात झुडपी जंगल हे वनच आहे, असं आपल्याच १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाच्या आधारे स्पष्ट केलं आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सगळ्या जिल्ह्यांना ते लागू.

व्यवहारात याचा अर्थ असा. असलेल्या चाकोरीतून बैलगाडी-ट्रॅक्टर नेणं ही जुनी वहिवाट, निस्तार पत्रकात वाट निघाली तर उत्तमच. पण जेसीबी लावून रुंदी वाढवणं, झाडं तोडणं, मुरूम पसरवणं हा वनेतर वापर, आणि त्याला १९८० च्या वन संवर्धन कायद्याची परवानगी लागते. ती न घेता काम केलं तर गुन्हा दाखल होऊ शकतो आणि यंत्र जप्त होऊन अडकतं. भाड्याचा जेसीबी असेल तर मालक तुमच्या मागे लागेल तो भाग वेगळाच.

वाट पक्की करायचीच असेल तर वनहक्क कायदा २००६, कलम ३(२). त्यात गावाच्या १३ सुविधांसाठी वनजमीन वळती करता येते, रस्ते त्यात आहेत. अटी: प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, ग्रामसभेची शिफारस. १२० मीटर लांब, ४ मीटर रुंद म्हणजे ४८० चौरस मीटर, पाच गुंठेही नाही, क्षेत्राची अडचण येणार नाही. पण ही सुविधा शासनाने चालवायची असते, त्यामुळे एकट्या शेतकऱ्याचा अर्ज चालत नाही. प्रस्ताव ग्रामपंचायत किंवा संबंधित खात्याने नमुना ‘अ’ मध्ये ठरावासह वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे द्यायचा, मंजुरी उपवनसंरक्षकांची. ठरावात गट क्रमांक, लांबी-रुंदी, झाडांची संख्या आणि ‘या वाटेचा लाभ किती खातेदारांना’ हे असू द्या. एकाच वावरासाठीची वाट असेल तर प्रस्ताव तिथेच अडतो. तुमच्या पुढे आणखी कोणाची वावरं आहेत का?

---

वावर_वर्धा

हो ताई, आमच्या पलीकडे अजून पाच खातेदार. ते दुसरीकडून वळसा घालून जातात, पण वाट झाली तर इकडूनच येतील.

---

रानहळद

मग त्यांना ठरावात घ्या. आणि सरबांध म्हणतात त्या दाव्यात साक्षीदार म्हणूनही तेच कामाला येतील.

---

गुंठामोजणी

आदेश हातात पडला की आधी त्याची भाषा तपासा. ‘वहिवाटीचा रस्ता खुला करून द्यावा’ एवढंच असेल तर अंमलबजावणीला गेलेला मंडळ अधिकारी कोणत्या बाजूने, किती रुंद, हे विचारून परत येतो. गट क्रमांक, कोणत्या हद्दीने, कुठून कुठे, लांबी आणि रुंदी मीटरमध्ये, कच्चा नकाशा आदेशाचा भाग. हे युक्तिवादाच्या वेळीच लेखी देऊन ठेवा. रुंदी मागताना २२ मे २०२५ च्या शासन निर्णयाचा आधार घ्या: शेतरस्ता किमान ३ ते ४ मीटर, आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कात त्याची नोंद. ही नोंद शेजाऱ्याच्या सातबाऱ्यावर व्हायला हवी, तुमच्या नव्हे. उद्या त्याने वावर विकलं तरी घेणाऱ्याला ती दिसेल. आदेशाची प्रत तलाठ्याकडे देऊन फेरफार क्रमांक मागून घ्या.

खुला करताना पंचनामा, आधीचे-नंतरचे फोटो, गरज असेल तर पोलीस बंदोबस्त. मनाई हुकूम मोडला तर जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम १८८, आता भारतीय न्याय संहितेचं २२३.

मुरमाचा हिशोब, फक्त धुऱ्याच्या २६० मीटरचा. ३ मीटर रुंद, दाबून १५ सेंटीमीटरचा थर म्हणजे ११७ घनमीटर. सुटा मुरूम साधारण १.३ पट लागतो, १५२ घनमीटर, म्हणजे जवळपास ५४ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). काळ्या जमिनीत एका थरावर भागत नाही, पहिल्या पावसात मुरूम खाली आणि चिखल वर. दोन थर धरा, मधे पाणी मारून रोलर. दुप्पट मुरूम एकदम ओतून वरून रोलर फिरवला तर खालचा भाग सुटाच राहतो. मधोमध कडांपेक्षा ६ सेंटीमीटर उंच ठेवा. दोन्ही बाजूंना नाली हवीच, आणि शेजाऱ्याच्या वावराचं पाणी जिथून उतरतं तिथे ६०० मिलिमीटरचे दोन सिमेंट पाइप टाका, पाइपवर किमान दीड फूट भर. हे केलं नाही तर पाणी त्याच्या वावरात तुंबेल आणि पुढचा दावा तो तुमच्यावर करेल, तोही याच कलम ५ खाली, कारण पाण्याच्या नैसर्गिक प्रवाहाला अडथळा त्यातच येतो.

मुरूम परवान्याचा आणा, वाहतूक पास गाडीत. विनापरवाना सापडला तर संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपट दंड लागू शकतो.

---

वावर_वर्धा

दावा लिहायला घेतला. अडथळ्याची तारीख ३० मेच टाकतो. पण मंडळ अधिकाऱ्यांनी त्यांच्या टिपणात ‘जूनचा पहिला आठवडा’ असं लिहिलंय. चालेल?

---

सरबांध

३० मेच टाका, आणि जेसीबीवाल्याच्या भाड्याची पावती किंवा त्या दिवसाचा फोटो असेल तर जोडा. दोन्ही तारखांनी तुम्ही मुदतीत बसता, मग सोयीची नव्हे, खरी तारीख लिहा. उलटतपासणीत तारखेवरच जोर असतो. शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. दावा देताना त्याच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेसह शिक्का घ्या, ती प्रत घरी ठेवा.