मदत हवी आहे: कानावरील विद्युत उत्तेजनेने चरबी घटते का?

माझ्या आईचे (वय 58, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) 33, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू, थायरॉइड सामान्य, पेसमेकर नाही) वजन आठ महिने आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने जेवण बेतून आणि रोज रंकाळा तलावाकाठी चालूनही फारसे उतरलेले नाही. आता कोल्हापुरातील एका विक्रेत्याने कानाला लावून व्हेगस नर्व्हला (मेंदू आणि पोट यांच्यात संदेश नेणाऱ्या मज्जातंतूला) उत्तेजना देणारे यंत्र सुचवले आहे. मात्र अमेरिकेत एफडीएने (औषधे व वैद्यकीय यंत्रांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने) 2015 मध्ये लठ्ठपणासाठी मान्यता दिलेले यंत्र शस्त्रक्रियेने पोटात बसवले जाई, ते याच नर्व्हचे संदेश अडवत असे (म्हणजे नेमके उलटे!), आणि तेही बीएमआय किमान 35 असणाऱ्यांसाठीच होते. शस्त्रक्रिया आम्हाला नको आहे. कानावरील उत्तेजनेमुळे माणसांमध्ये केवळ भूक नव्हे, तर डेक्सा तपासणीत (क्ष-किरणांनी शरीरातील चरबी मोजणाऱ्या) मोजलेली चरबी घटल्याचा एखादा अभ्यास कोणाच्या वाचनात आला आहे का?