२२ सप्टेंबरला सात मिनिटं बोलायचंय, माईक बघूनच पाय लटपटतात

नवी_बाई_सातारा
कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या जयंतीला शिक्षकांतर्फे मला बोलायचंय. पटांगण, माईक, समोर ६०० मुलं आणि पालक. वर्गात तास घेताना काही वाटत नाही. माईक हातात आला की आवाज कापतो, घशाला कोरड पडते आणि तिसऱ्या मिनिटाला पाठ केलेलं सगळं पुसलं जातं. हाताशी १२ दिवस आहेत. "आत्मविश्वास ठेवा" सोडून काहीही सांगा.

वाईकर_बापू
पाठ करता तिथंच चुकतं. पाठ भाषण पाढ्यासारखं असतं, सतरा सक अडखळलं की पुन्हा सतरा एकेपासून सुरुवात. पहिली तीन आणि शेवटची दोन वाक्यंच शब्दशः पाठ करा. मधले तीन मुद्दे पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदांवर, एका कार्डावर एक मुद्दा, चार-पाच शब्दांत. कोपऱ्यात आकडा घाला आणि भोक पाडून दोऱ्यात ओवा. वहीचा कागद नको, तो हाताबरोबर थरथरतो आणि फडफड माईकमध्ये जाते.

सावकाश बोललं तर मिनिटाला १००-११० शब्द होतात. नावं आणि टाळ्या धरून मजकूर ६०० शब्दांचाच ठेवा. नावं कधीही आठवणीवर घेऊ नका. एखादं राहिलं की तेच डोक्यात घोळतं आणि पुढचा मुद्दा जातो. अध्यक्ष आणि प्रमुख पाहुणे कार्डावर लिहून घ्या, बाकी "सर्व मान्यवर". रुसणारा रुसेल, मुलं दुवा देतील.

मजकुराचं म्हणाल तर १८८७ साली कुंभोजला जन्म, १९१९ला काले गावी रयत शिक्षण संस्था, १९२४ला ती साताऱ्यात, हे तुमच्या आधीचे वक्ते सांगून गेलेले असणार. पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या मुलांसाठी मोडलेल्या मंगळसूत्राचंही तेच. शिवाय माणूस नेमका सनावळीवरच अडतो. त्यापेक्षा वसतिगृहातली एका पंगतीला बसलेली सगळ्या जातींची मुलं घ्या. डोळ्यांसमोर दिसणारं सांगताना शब्द शोधावे लागत नाहीत.

साउंडवाला_मिरज
निम्मी भीती माईकची असते. तो हनुवटीच्या जरा खाली, तोंडापासून चार बोटांवर, किंचित तिरका धरा. अगदी ओठांसमोर धरला तर 'प', 'फ', 'भ' ला भप्प होतं. लांब धरला तर ऑपरेटर आवाज वाढवतो आणि माईक कुई करतो. जाळी मुठीत आवळली तरी कुई, कर्ण्याकडे तोंड केलं तरी कुई. फुंकर आणि टकटक नको, सरळ "नमस्कार" म्हणा.

आता पटांगणाचं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ५० मीटरवरच्या कर्ण्यातलं तुमचंच बोलणं जवळजवळ सेकंदाच्या सातव्या हिश्श्याने उशिरा तुमच्या कानावर येतं. त्याने भल्याभल्यांची जीभ अडखळते आणि त्यांना वाटतं आपण घाबरलो. वाक्यं लहान ठेवा, पूर्णविरामाला मनात "एक" म्हणा. ऑपरेटरला सांगून स्टेजजवळ एक छोटा स्पीकर तुमच्याकडे तोंड करून ठेवून घ्या, मात्र माईकच्या पाठीमागच्या बाजूला. कार्यक्रमाआधी दोन मिनिटं बोलून बघा आणि कुणाला तरी शेवटच्या रांगेत उभं करा.

श्वास_सांगली
घाबरल्यावर लाळ कमी सुटते आणि श्वास छातीतच वरच्या वर राहतो. वाक्य संपायच्या आत हवा संपते, म्हणून आवाज कापतो. लोक सांगतात "मोठमोठे श्वास घ्या". भराभर घेतलेत तर उलट गरगरतं, बोटांना मुंग्या येतात. नाव पुकारायच्या आधी पाच मिनिटं नाकाने चार आकडे मोजत आत, सहा आकडे मोजत बाहेर, एवढंच करा. उभं राहिल्यावर गुडघे ताठ करू नका. पाणी कोमट आणि घोटघोट. उपाशी जाऊ नका, पण खाणं दीड-दोन तास आधी उरकून घ्या.

सराव रोज उभ्याने, मोठ्याने, दोनदा. आरसा नको, त्यात सगळं लक्ष चेहऱ्याकडे जातं. मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका. चार दिवस भिंतीसमोर, चार दिवस घरच्यांसमोर, उरलेले चार दिवस शाळा सुटल्यावर रिकाम्या पटांगणावर. घरच्यांना मध्येच मुद्दाम अडवायला सांगा. थांबायचं, कार्डाकडे बघायचं, पुढे बोलायचं. तुम्हाला जी शांतता मिनिटाएवढी वाटते ती ऐकणाऱ्याला जेमतेम दोन सेकंदांची असते.

नवी_बाई_सातारा
कार्डं आजच कापते. एक मैत्रीण धडधड थांबवायची गोळी देते म्हणतेय, प्रोप्रॅनोलॉल. घेऊ का?

श्वास_सांगली
उसनी गोळी अजिबात नको. दमा असेल तर त्या गोळीने श्वासनळ्या आवळतात. नाडी किंवा रक्तदाब आधीच कमी असेल तर स्टेजवरच भोवळ यायची. डॉक्टरांना विचारा. त्यांनी दिलीच तर पहिली गोळी जयंतीच्या दिवशी नको, त्याआधी एखाद्या सुट्टीला घेऊन बघा.

साउंडवाला_मिरज
आणि माईक वायरलेस असेल तर सेल नवे टाकायला लावा. जुने सेल नेमके तिसऱ्या मिनिटाला दगा देतात.